आधी कुणाचं काम?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी ब्लाउज शिवतात. लग्नसराईत त्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. परवा मी तिथे थांबले होते, तेव्हा एक बाई आल्या. शिलाई मशीनकडे नजर गेली आणि त्यांचा आवाज चढला. "अहो मावशी, काल तुम्ही माझ्याच ब्लाउजची बाही लावत होतात. तो अर्धाच ठेवून हा दुसरा कुणाचा घेतलात?"

मावशींनी मान वर न करता टीप संपवली, दोरा तोडला आणि मग म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे मुंज रविवारी. हिचा साखरपुडा उद्या सकाळी. तुमचा शनिवारी दुपारी हातात देते. आजवर कधी चुकलंय का?"

त्याच संध्याकाळी माझ्या जुन्या लॅपटॉपवर हेच नाट्य पाहायला मिळालं. मोकळ्या वेळात शास्त्रज्ञांची गणितं सोडवणारं एक सॉफ्टवेअर मी त्यावर बसवलं आहे. एक काम ७८ टक्के पूर्ण होऊन मध्येच थांबलं होतं आणि नुकतंच आलेलं दुसरं काम जोरात सुरू होतं. त्याच्यापुढे शब्द होते, ‘रनिंग, हाय प्रायॉरिटी’. तासाभरात पहिलं काम आणखी पुढे गेलं असतं, मग ते का थांबवलं? पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला सॉफ्टवेअर बिघडल्याची शंका येते. प्रत्यक्षात ते मावशींसारखंच तारखांची वही उघडून बसलेलं असतं. या वहीचा हिशेब कसा चालतो, ते पाहू.

रिकाम्या वेळेचं दान

आपण ईमेल वाचत असतो किंवा चहाला उठलेलो असतो, तेव्हा संगणकाची बहुतेक ताकद नुसती पडून असते. ती शास्त्रज्ञांना वापरू द्यायची, ही कल्पना लाखो घरांत पोचवली ‘सेटी ॲट होम’ने. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने १७ मे १९९९ रोजी हा प्रकल्प लोकांसाठी खुला केला. पोर्तो रिकोमधल्या अरेसिबोच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या नोंदींत परग्रहावरच्या कुणाचा संदेश दडलाय का, हे शोधायचं होतं. नोंदींचे तुकडे केले जात. एक तुकडा म्हणजे आकाशातली १०७ सेकंदांची नोंद, आकाराने मेगाबाइटच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी. तुकडा घरच्या संगणकावर उतरायचा, तिथे त्याची चाळणी व्हायची, उत्तर बर्कलीला परत जायचं.

तेव्हा वेळापत्रकाचा प्रश्न सोपा होता. संगणकावर प्रकल्प एकच आणि काम एकामागून एक. पण इतर शास्त्रज्ञांनाही ही सोय हवी होती. म्हणून डेव्हिड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्कलीतच एक सामाईक सॉफ्टवेअर घडवलं. त्याचं नाव ‘बॉइंक’. एकदा ते बसवलं की त्यातून आपल्याला हवे तेवढे प्रकल्प जोडता येतात. ‘आइन्स्टाइन ॲट होम’ फिरणारे न्यूट्रॉन तारे शोधतो, ‘रोझेटा ॲट होम’ प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करतो, ‘क्लायमेटप्रेडिक्शन’ हवामानाची दीर्घकालीन प्रारूपं चालवतो. यातला ‘आइन्स्टाइन ॲट होम’ आपल्याला थोडा जवळचा आहे. तो गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांच्या नोंदीही चाळतो आणि त्याच जातीची वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. त्यासाठीच्या २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.

अनेक प्रकल्प एका संगणकावर आले आणि मावशींच्या दुकानातली गर्दी तिथेही सुरू झाली. एकाचं काम दोन तासांचं, दुसऱ्याचं दोन आठवड्यांचं. एकाला उत्तर तीन दिवसांत हवं, दुसऱ्याला काही महिने चालतात. बाहेर गिऱ्हाइकं चार आणि मशीन एकच.

मुदत कशासाठी असते?

हवामानाचं प्रारूप दोन दिवस उशिरा आल्याने कुणाचं लग्न मोडत नाही. मग प्रत्येक तुकड्याला मुदत का चिकटवलेली असते?

कारण सर्व्हरला, म्हणजे कामं वाटणाऱ्या प्रकल्पाच्या मध्यवर्ती संगणकाला, आपला संगणक दिसत नाही. घरचे संगणक सुरक्षेच्या भिंतींमागे असतात. बाहेरून कुणी आत डोकावू शकत नाही, आपलाच संगणक मधूनमधून सर्व्हरकडे जाऊन ‘काम द्या’ किंवा ‘हे झालं’ असं सांगतो. समजा कुणी तुकडा उतरवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप विकून टाकला. सर्व्हरला ते कळणार कसं? गप्प असलेला संगणक हिशेब करतोय की माळ्यावर धूळ खातोय, यातला फरक ओळखायला त्याच्याकडे साधन एकच, कॅलेंडर. ठरलेल्या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही, तर तो तीच गणितं दुसऱ्या कुणाला देतो.

त्यात आणखी एक गुंता आहे. अनोळखी संगणकाने दिलेलं उत्तर खरंच बरोबर आहे का? यंत्र तापून चुकीचा आकडा देऊ शकतं, कुणी मुद्दाम खोटंही पाठवू शकतं. म्हणून बरेच प्रकल्प तोच तुकडा दोघांना देतात आणि उत्तरं जुळली तरच स्वीकारतात. २०१० साली ‘आइन्स्टाइन ॲट होम’ला अरेसिबोच्या नोंदींत सेकंदाला सुमारे ४१ गिरक्या घेणारा एक तारा सापडला. पीएसआर जे२००७+२७२२ हे त्याचं नाव. त्याची खूण टिपणारे संगणक दोन होते. एक अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका दांपत्याचा, दुसरा जर्मनीतल्या माइन्झ शहरातला. दोन अनोळखी घरं, मध्ये अख्खा अटलांटिक महासागर, आणि आकडे मात्र जुळलेले. मला ही सगळी व्यवस्था तिथे सर्वात सुंदर वाटते.

मुदतीचं महत्त्वही तिथेच कळतं. जोडीतल्या एकाने काम संपवलं आणि दुसरा गप्प राहिला, तर पहिल्याचं उत्तरही अधांतरी राहतं. त्याची नोंद पूर्ण होत नाही, मूळ माहिती सर्व्हरच्या डिस्कवर जागा अडवून बसते. म्हणून मुदत फार लांब ठेवून चालत नाही. फार आखूडही नको, कारण मग प्रामाणिकपणे पण सावकाश काम करणाऱ्या जुन्या संगणकाची मेहनत वाया जाते आणि तेच गणित विनाकारण तिसऱ्याकडे जातं. ‘आइन्स्टाइन ॲट होम’ची नेहमीची मुदत दोन आठवड्यांची असते. हवामानाच्या मोठ्या प्रारूपांना कित्येक महिने मिळत आले आहेत.

पाळीपाळीने, वाट्याप्रमाणे

आता संगणकाच्या आत येऊ. एरवी, म्हणजे घाईचं काही नसताना, बॉइंक पाळीपाळीने काम करतं. प्रत्येक प्रकल्पाला आपण वाटा ठरवून देतो. आपण काहीच केलं नाही तर सगळ्यांचा वाटा १०० धरला जातो, म्हणजे समसमान. एकाला २०० आणि दुसऱ्याला १०० दिलं, तर पहिल्याला दुप्पट वेळ मिळायला हवा. काम बदलण्याचं अंतर साधारण एक तासाचं असतं. तासभर याचं, तासभर त्याचं. एकाच प्रकल्पाचे अनेक तुकडे हाती असतील, तर ते आले त्या क्रमाने लागतात.

वाटा तंतोतंत पाळायचा तर कुणाला किती दिलं याची नोंद ठेवावी लागते. जुन्या आवृत्त्यांमध्ये ही अक्षरशः उधारीची वही होती. ज्या प्रकल्पाला कमी वेळ मिळाला त्याचं देणं वाढत जायचं आणि पुढे फेडलं जायचं. नंतर पद्धत थोडी बदलली. आता प्रत्येक प्रकल्पासाठी अलीकडे किती काम केलं, याचा एक आकडा ठेवतात आणि जुन्या कामाचं वजन हळूहळू कमी करत नेतात. दहा दिवसांपूर्वी केलेलं काम आज निम्मंच मोजलं जातं, वीस दिवसांपूर्वीचं पाव. म्हणजे एखादा प्रकल्प दोन महिने बंद पडला आणि परत आला, तर तो सगळी थकबाकी मागत महिनाभर मशीन अडवून बसत नाही. हा बदल मला फार शहाणपणाचा वाटतो.

काम थांबवताना मावशींची सवय बॉइंकलाही आहे. त्यांनी मध्येच मशीन थांबवलं नाही, टीप संपवली आणि मग दोरा तोडला. संगणकातलं कामही ठरावीक अंतराने ‘इथवर आलो’ अशी खूण डिस्कवर लिहून ठेवतं. तिला चेकपॉइंट म्हणतात. बॉइंक शक्यतो ती खूण पडल्यावरच काम बाजूला ठेवतं. खूण नसताना थांबवलं आणि मेमरीतूनही काढून टाकलं, तर मधली मेहनत पुन्हा करावी लागते.

आधी स्वप्नात शिवून पाहायचं

पाळीपाळीने काम करणं न्याय्य आहे, पण त्याला तारखा कळत नाहीत. एक उदाहरण घेऊ. आकडे सोपे ठेवले आहेत.

लॅपटॉप रोज १० तास हिशेब करू शकतो. प्रकल्प दोन, वाटा समान. हाती दोन कामं आहेत. हवामानाचं काम ६० तासांचं, मुदत ३० दिवस. प्रथिनाचं काम १८ तासांचं, मुदत ३ दिवस. पाळीपाळीने गेलो तर प्रत्येकाला रोज ५ तास मिळतील. प्रथिनाच्या १८ तासांना ३.६ दिवस लागतील. मुदत हुकली.

बॉइंक हे घडायची वाट पाहत नाही. ते आधीच मनातल्या मनात पुढचे दिवस जगून पाहतं. हातातली सगळी कामं पाळीपाळीने चालवली, तर कोणतं कधी संपेल, याची तालीम काही क्षणांत करतं. तांत्रिक भाषेत हे सिम्युलेशन, म्हणजे घटनेची नक्कल. तालमीत जी कामं मुदतीनंतर संपताना दिसतात, तेवढ्यांवरच ‘धोक्यात’ अशी खूण पडते. मग पाळी मोडून ती कामं पुढे घेतली जातात. धोक्यातली कामं अनेक असली तर ज्याची मुदत सर्वात जवळ ते पहिलं.

आपल्या उदाहरणात प्रथिनाचं काम पूर्ण १० तास रोज मिळवून १.८ दिवसांत संपतं. हवामानाचं तोवर थांबतं. पण मग वहीत दिसतं की प्रथिनवाल्यांनी १८ तास वापरले आणि हवामानवाल्यांना शून्य मिळाले. त्यामुळे पुढचे बरेच तास हवामानाचे असतात आणि प्रथिन प्रकल्पाकडून नवं काम मागवणंही लांबणीवर पडतं. दुसरं काहीच मध्ये आलं नाही, तर हवामानाचं काम एकूण आठव्या दिवशी हातावेगळं होतं. तेही तिसाव्याच्या कितीतरी आधी.

त्या दिवशी माझ्या पडद्यावर ७८ टक्क्यांवर थांबलेलं काम असंच होतं. त्याला वेळ होता, म्हणून ते थांबलं.

चौकट : पडद्यावर दिसणारे शब्द

*रनिंग* – काम आपल्या पाळीनुसार चालू आहे.
*रनिंग, हाय प्रायॉरिटी* – तालमीत मुदत हुकताना दिसली, म्हणून पाळी मोडून पुढे घेतलं आहे.
*वेटिंग टू रन* – सुरू झालेलं काम तूर्त बाजूला ठेवलं आहे. बिघाड नाही.
*रेडी टू स्टार्ट* – उतरवून ठेवलेलं, अजून हात न लावलेलं काम.
*रेडी टू रिपोर्ट* – काम झालं, उत्तरही चढवलं. आता सर्व्हरला ‘झालं’ असं सांगणं बाकी आहे.

मग नेहमीच तारखेप्रमाणे का नाही?

‘ज्याची मुदत आधी, त्याचं काम आधी’ हा नियम साधा दिसतो, पण त्याच्यामागे भक्कम गणित आहे. सी. एल. ल्यू आणि जेम्स लेलँड यांच्या १९७३ मधल्या शोधनिबंधाने तो संगणकशास्त्रात रुजवला. काम मध्येच थांबवता येत असेल आणि यंत्र एकच असेल, तर एक गोष्ट नक्की सांगता येते. सगळ्या मुदती पाळणारं एखादं तरी वेळापत्रक अस्तित्वात असेल, तर या नियमानेही त्या सगळ्या पाळल्या जातातच.

याची पटणारी खूण सोपी आहे. समजा कुणीतरी वेगळं वेळापत्रक केलं आणि ते सगळ्या मुदती पाळतंय. त्यात शनिवारचं काम आधी आणि शुक्रवारचं नंतर केलेलं आहे. दोघांची अदलाबदल करा. शुक्रवारचं आता आणखी लवकर झालं, म्हणून ते वेळेतच. शनिवारचं फार तर तिथवर सरकलं, जिथे आधी शुक्रवारचं संपत होतं. ती वेळ शुक्रवारच्या आतली, म्हणजे शनिवारच्याही आतलीच. नुकसान कुणाचंच नाही. अशा अदलाबदली करत गेलं की शेवटी उरतो तो मुदतीचाच क्रम.

इतका चांगला नियम असताना बॉइंक तो फक्त संकटकाळी का वापरतं? कारण तो नेहमी वापरला तर वाट्याला अर्थच उरणार नाही. आखूड मुदतीची कामं देणारा प्रकल्प कायम रांगेच्या पुढे राहील आणि हवामानाचं काम त्याची मुदत गळ्याशी येईपर्यंत पडून राहील. शिवाय एखाद्या प्रकल्पाला वाटेल, आपणही मुदत दोन दिवसांची करू, म्हणजे सगळे संगणक आपल्यालाच मिळतील. दान देणाऱ्याने वेळ कुणाला किती द्यायचा ते ठरवलेलं असताना मुदतीच्या जोरावर तो दुसऱ्याने ओढून नेणं योग्य नाही. म्हणून मूळ नियम वाट्याचा, अपवाद मुदतीचा. पुढे घेतलेल्या कामाचा वेळही त्याच्याच खात्यावर मांडला जातो. रांग मोडता येते, वाटा वाढवून मिळत नाही.

दोन शेगड्यांचा प्रश्न

आजच्या संगणकात एक नव्हे, चार-आठ गाभे असतात, म्हणजे एकाच वेळी चार-आठ कामं चालू शकतात. इथे तो सुंदर नियम थोडा लंगडतो. का, ते स्वयंपाकघरात लगेच कळतं.

संध्याकाळचे सात वाजलेत. गॅसला दोन शेगड्या. बाळाचं खिमट अर्ध्या तासाचं, आठ वाजता हवं. आजोबांची पेजही अर्ध्या तासाची, तीही आठलाच. पाहुण्यांसाठी मंद आचेवरचं मटण दोन तासांचं, सव्वानऊला पानं मांडायची आहेत. ‘ज्याची वेळ आधी ते आधी’ म्हणून खिमट आणि पेज दोन्ही सातला चढवली, तर साडेसातला शेगड्या मोकळ्या होतात. मटण तेव्हा चढतं आणि साडेनऊला उतरतं. पाहुणे ताटकळले. आणि त्यातली एक शेगडी साडेसातपासून रिकामीच राहिली.

कुठलीही अनुभवी गृहिणी असं करणार नाही. ती सातलाच एका शेगडीवर मटण चढवेल. दुसरीवर साडेसातपर्यंत खिमट, मग आठपर्यंत पेज. मटण नऊला तयार. सगळ्यांचं सगळं वेळेत.

गंमत म्हणजे बॉइंकची ‘फक्त धोक्यातलं काम पुढे घ्या’ ही पद्धत इथे उपयोगी पडते. पाळीच्या तालमीत छोटी कामं सुखरूप दिसली, तर त्यांना मुद्दाम पुढे घेतलं जात नाही आणि लांबलचक काम आपली शेगडी धरून राहतं. प्रत्येक वेळी ते साधेलच असं नाही. अनेक शेगड्यांवर परिपूर्ण वेळापत्रक शोधणं हा गणितातला अवघड प्रश्न आहे. घरच्या संगणकाने सगळी ताकद त्यावरच खर्च केली, तर ताऱ्यांचा हिशेब कधी करायचा? म्हणून बॉइंक झटपट तालीम करतं, बऱ्यापैकी निर्णय घेतं आणि काम संपलं, नवं आलं, काही बदललं की पुन्हा तालीम करतं.

अंदाज चुकला तर

या सगळ्या हिशेबाचा पाया एक आकडा आहे, कामाला किती तास लागतील? तो चुकला की सगळंच कोसळतं.

तुकड्याबरोबर सर्व्हर सांगतो की यात अंदाजे किती आकडेमोड आहे. संगणकाचा वेग बॉइंक चाचणी घेऊन मोजतं. भागाकार केला की तास मिळतात. पण चाचणीतला वेग आणि प्रत्यक्ष कामातला वेग सारखा नसतो. म्हणून प्रत्येक पूर्ण झालेल्या कामावरून अंदाज सुधारला जातो. बरीच वर्षं त्यासाठी एक गुणक वापरला जायचा आणि त्याची रीत मला फार आवडते. काम अंदाजापेक्षा जास्त वेळ खाऊन गेलं, तर गुणक लगेच पूर्ण वाढायचा. काम लवकर संपलं, तर तो थोडा थोडा करूनच कमी व्हायचा. मावशीही असंच करतात. अस्तराच्या ब्लाउजला दोन तासांऐवजी चार लागले, तर पुढच्या ब्लाउजला त्या निमूट चार धरतात. एखादा तासात झाला म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाला तासाचा शब्द देत नाहीत. उशिराची किंमत मोठी, लवकर झाल्याची नाही, म्हणून ही सावधगिरी. आता नव्या पद्धतीत सर्व्हरच प्रत्येक संगणकाच्या मागच्या कामांची सरासरी ठेवतो आणि त्यावरून अंदाज बांधतो.

दुसरा अंदाज आपल्याबद्दलचा असतो. वरच्या उदाहरणात मी ‘रोज १० तास’ असं सहज लिहिलं. बॉइंक ते मोजत राहतं. लॅपटॉप दिवसातले १२ तास चालू असतो, म्हणजे ५० टक्के. त्यातले दोन तास आपण तो वापरत असताना काम थांबवायला सांगितलं आहे, म्हणजे उरले त्या बारा तासांपैकी ८३ टक्के. या सवयी गुणून तासांचे दिवस केले जातात. लॅपटॉप रोज ५ तासच मोकळा असता, तर ३ दिवसांत १५ तास मिळाले असते. प्रथिनाच्या कामाला १८ हवेत. बाकी सगळं थांबवूनही ते झालं नसतं.

अशा वेळी खरा उपाय सर्व्हरच्या दारातच असतो. काम देण्याआधी सर्व्हर हाच हिशेब करू शकतो आणि जमणार नसेल तर काम देतच नाही. ‘तुमच्याकडे हे मुदतीत होणार नाही, कारण बॉइंक इतकेच टक्के वेळ चालू असतं’ असा निरोप मग येतो. लोकांना त्याचा राग येतो. मावशीही लग्नाच्या आदल्या दिवशी आलेलं कापड हात जोडून परत करतात. मला तो निरोप प्रामाणिक वाटतो.

एवढं करूनही मुदत हुकलीच तर? सुरूच न झालेलं काम मुदत उलटल्यावर बॉइंक स्वतःच सोडून देतं. सुरू झालेलं मात्र सहसा पुढे चालू ठेवतं, कारण सर्व्हरला अजून त्या उत्तराची गरज असेल तर उशिरा आलेलंही कामी येतं. तोवर दुसऱ्या जोडीदाराने उत्तर दिलेलं असलं, तर ती मेहनत वाया जाते.

गच्चीवरची टाकी

राहिला एक प्रश्न, काम किती मागवून ठेवायचं?

गच्चीवरच्या टाकीचा तरंगता गोळा आठवा. पाणी एका खुणेखाली गेलं की पंप सुरू होतो, वरच्या खुणेला पोचलं की बंद. दोन खुणांमध्ये अंतर असतं म्हणून पंप दर मिनिटाला चालूबंद होत नाही. बॉइंकच्याही दोन खुणा आहेत, किमान साठा आणि त्यावर जादा साठा. अलीकडच्या आवृत्त्यांत त्या मुळातच ०.१ दिवस आणि ०.५ दिवस अशा लावलेल्या असतात. म्हणजे सव्वादोन-अडीच तासांचं काम उरलं की नवं मागवायचं आणि आणखी बारा तासांचं भरून घ्यायचं.

इंटरनेट गेलं तर काम अडू नये म्हणून बरेच जण हे आकडे वाढवून दहा-दहा दिवस करतात. हेतू चांगला असतो. पण दहा दिवसांचा साठा आणि सात दिवसांची मुदत एकत्र नांदू शकत नाहीत. रांगेच्या शेवटी उभा असलेला तुकडा पाळीची वाट पाहतच मुदतीजवळ पोचतो. मग सगळीच कामं ‘धोक्यात’ येतात, वाट्याचा हिशेब विस्कटतो, आणि लॅपटॉप चार दिवस बंद राहिला की सगळं एकदम हुकतं. कामं डोईजड झाली की ‘आधीची मुदत आधी’ हा नियमही हतबल होतो. तो आधीच बुडालेल्या कामामागे धावतो आणि वाचू शकणारं पुढचं कामही बुडवतो. साठा कमी असला की यातलं काहीच होत नाही.

म्हणून ज्यांना आपल्या संगणकाचा मोकळा वेळ द्यावासा वाटेल, त्यांना एवढीच विनंती. विजेचं बिल आणि लॅपटॉपचं तापणं पाहून आधी एखादाच प्रकल्प जोडा. साठ्याचे आकडे आहेत तसे ठेवा. वर ‘हाय प्रायॉरिटी’ दिसलं म्हणून घाबरून कामं हाताने थांबवू नका, कारण थांबवलेल्या कामाला बॉइंक हात लावत नाही आणि तुम्ही विसरलात की तेच मुदत चुकवतं. गावाला जाणार असाल तर चार दिवस आधी ‘नो न्यू टास्क्स’ दाबा आणि हातातलं संपू द्या. जे संपणार नाही ते ‘अबॉर्ट’ करून परत पाठवा. परत गेलेला तुकडा सर्व्हरला लगेच दुसऱ्याला देता येतो. न कळवता लॅपटॉप मिटून गेलात, तर तुमच्या जोडीला काम संपवून बसलेला जगाच्या दुसऱ्या टोकाचा कुणीतरी मुदत संपेपर्यंत तुमची वाट पाहत राहतो.